कबड्डीतली पकड आणि मैदानाबाहेरचा हात: मुलांच्या संघात मर्यादा कशा आखाव्यात?

प्रश्न: बोरीकाठ (अमळनेर तालुका)

नमस्कार. अमळनेर तालुक्यातील एका गावात मी गेली अकरा वर्षे कबड्डीचा संघ चालवतो. माझा मूळ व्यवसाय शेती आहे. पण कापसाची वेचणी असो वा पेरणीची घाई, संध्याकाळी साडेपाचला मी शाळेमागच्या मैदानावर हजर असतो. तिथे चौदा ते अठरा वर्षांची बावीस मुले रोज आणि नऊ मुली आठवड्यातून चार दिवस सरावाला येतात. नऊ मुलींचे दोन संघ होत नाहीत, त्यामुळे चढाईच्या सरावासाठी त्यांना कधी कधी मुलांसमोर उभे करावे लागते.

गेल्या हंगामात आमच्या संघातील चौदा वर्षांचा एक मुलगा अचानक यायचा बंद झाला. तो डाव्या कोपऱ्यावर खेळायचा, आणि त्याची घोट्याची पकड अशी होती की मोठी मुलेही त्याच्या बाजूने बोनस घ्यायला कचरत. आई म्हणत असे की त्याचे पोट दुखते, वडील म्हणत की अभ्यास आहे. दीड महिन्याने त्याच्या मामांकडून खरे कारण कळले. आम्ही बाहेरगावी स्पर्धेला गेलो होतो, तेव्हा सगळी मुले रात्री एका सभागृहात सतरंज्यांवर झोपली होती. तो कपडे बदलत असताना मोठ्यांपैकी दोघांनी त्याचा टॉवेल ओढला, त्याला तसेच धरून ठेवले, त्याच्या पार्श्वभागावर चापट्या मारल्या, आणि बाकीची मुले हसली. दुसऱ्या दिवशी सामना जिंकल्यावर तीच दोन मुले आनंदाने त्याच्या गळ्यात पडली, आणि ते त्याला सहन झाले नाही. त्या रात्री मी बाहेर ओसरीवर झोपलो होतो. हसण्याचा आवाज मला आला होता. पोरे मस्ती करत आहेत असे म्हणून मी उठलो नाही, हे मला आजही टोचते.

कबड्डी हा अंगाला अंग न लावता खेळता येणारा खेळ नाही. कंबर पकड शिकवताना मी स्वतः मुलाच्या कंबरेला हात घालून दाखवतो. मुलींना शिकवताना मात्र हात आखडता घेतो, आणि त्यामुळे त्यांची पकड कच्ची राहते हेही मला दिसते. जिंकल्यावर मिठी मारू नका, पाठीवर थाप देऊ नका असा नियम केला तर संघात जिव्हाळा उरणार नाही. मग मर्यादा कुठे आखावी, ती कोणी सांगावी आणि कोणत्या शब्दांत सांगावी? आणि जो मुलगा गेला, त्याच्या घरी मी कोणत्या तोंडाने जाऊ? या विषयात अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: पांझराकाठ (धुळे)

सर, मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे त्यानंतरचे आहे. त्याच्या घरी जरूर जा, पण 'संघात परत ये' असे म्हणायला जाऊ नका. 'मला आवाज आला होता आणि मी उठलो नाही, ती माझी चूक होती,' एवढे त्याच्या आईवडिलांसमोर त्याला ऐकवा. त्याला आजवर बहुधा असेच वाटत आले असेल की जे घडले ते कोणी पाहिले नाही, किंवा पाहणाऱ्याला त्यात काही वावगे वाटले नाही.

हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. शाळेत असताना मी खो-खो खेळायची आणि लांब उडी मारायची. स्पर्धेच्या दिवशी छातीवरचा क्रमांक पिना लावून बसवावा लागतो, आणि आमचे एक शिक्षक प्रत्येक मुलीचा क्रमांक स्वतःच्या हाताने बसवत. त्यात किती वेळ लागावा हे आम्हा सगळ्या मुलींना कळत होते, आणि तो त्यांना त्याहून जास्त लागत असे. आम्ही एकमेकींकडे पाहायचो, पण घरी कोणी बोलले नाही. बोलले असते तर शिक्षकांना काही झाले नसते, आमचे मैदान मात्र बंद झाले असते, याची आम्हाला खात्री होती. खानदेशातील कितीतरी मुलींच्या खेळाचा शेवट असाच, कोणतेही कारण न सांगता होतो. आज माझ्या शाळेत क्रमांकाचे कापड मुलीच्या हातात दिले जाते आणि तिची मैत्रीण पिना लावते. बदल इतका लहान आहे, तरी तो पहिल्यांदा केला तेव्हा एका मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेले नाही.

तुमच्या प्रश्नावर मी खो-खोमधूनच विचार करते. बसलेल्या गड्याला खो द्यायचा तर तो मागून, हाताने स्पर्श करून आणि 'खो' हा शब्द मोठ्याने उच्चारून द्यावा लागतो. शब्द नसेल तर तो स्पर्श नियमात बसत नाही. शिकवताना मी हेच पाळते. 'आता तुझ्या खांद्याला हात लावून खांदा मागे घेते, चालेल का?' असे आधी विचारते, आणि मुलगी गप्प राहिली तर ते 'नाही' समजते. सुरुवातीला मुली बावरतात, कारण त्यांना असे आजवर कोणी विचारलेले नसते. पण पंधरवड्यानंतर त्याच मुली सहज 'नको बाई, तुम्ही करून दाखवा' असे म्हणू लागतात. हे 'नको' ऐकून शिक्षकाचा चेहरा पडता कामा नये. तो एकदा जरी पडला तरी पुढचे 'नको' कधी येत नाही.

मुलींची पकड कच्ची राहते असे तुम्ही लिहिले आहे, त्यावर उपाय आहे. एखादी माजी खेळाडू, लग्न होऊन गावात आलेली एखादी कबड्डीपटू सून किंवा शाळेतील शिक्षिका आठवड्यातून दोन दिवस मिळते का ते पाहा. तोवर तुमची पकड एका मोठ्या मुलावर करून दाखवा, आणि मुलींना ती आपसात करायला लावून तुम्ही केवळ तोंडी दुरुस्ती करा. मुलांसमोर सराव घ्यायचा असेल तर कोणत्या पकडी चालतील हे मुलींना ठरवू द्या.

जिंकल्यानंतरच्या आनंदाबद्दल एकच सांगते. 2023 च्या महिला फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर सिडनी येथे स्पेनच्या फुटबॉल महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष लुईस रुबियालेस यांनी पदक समारंभात खेळाडू जेनी एर्मोसो यांचे चुंबन घेतले. तो आनंदाचा क्षण होता, असा बचाव करण्यात आला. परंतु फिफाने त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी घातली, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये माद्रिद येथील न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून 10,800 युरोंचा दंड केला. जगज्जेत्या खेळाडूलाही 'मला ते नको होते' हे सिद्ध करायला दीड वर्ष लागले, तर तुमच्या चौदा वर्षांच्या मुलाने ते त्या सभागृहात कसे बोलून दाखवायचे?

उत्तर २: तालीम (पारोळा)

मी कुस्तीतला माणूस आहे आणि वरच्या ताईंचे म्हणणे मला निम्मे पटले, निम्मे पटले नाही, ते स्पष्टपणे मांडतो. आमच्याकडे पट काढायला शिकवताना वस्ताद दर वेळी 'हात लावू का' असे विचारत बसला, तर पठ्ठ्याचा डाव बसणार नाही. कुस्तीत स्पर्श हेच शिक्षण आहे; समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे हे डोळ्यांनी कळत नाही, अंगाला अंग लागल्यावरच कळते. ज्या मुलाने लंगोट कसून हौद्यात पाऊल टाकले, त्याने त्या स्पर्शाला होकार दिलेला आहे, असे मी मानतो. आणि प्रत्येक हाताकडे संशयाने पाहिले गेले, तर उद्या कोणताही भला माणूस गावातील पोरांना शिकवायला पुढे येणार नाही, ही भीती मला खरोखर वाटते.

परंतु हेही लिहिले पाहिजे की तो होकार हौद्यापुरताच असतो. जुन्या वस्तादांनी आम्हाला जे वळण लावले त्यात या मर्यादा होत्याच. मालीश तालमीच्या उघड्या जागेत, सर्वांच्या देखत होत असे. बंद खोलीत मालीश करून घेणाऱ्या पैलवानाला आमचे वस्ताद बाहेरचा रस्ता दाखवत. लहान पठ्ठ्याकडून मोठ्याने मालीश करून घ्यायची तर त्याला वस्तादांची परवानगी लागे. कुस्ती सुटली की माती अंगावरून झाडायची, समोरच्याच्या पाया पडायचे आणि दूर व्हायचे. हौद्यातसुद्धा सगळेच चालते असे नाही: बोटे पिरगाळणे, केस ओढणे, गुप्तांगाला चिमटा घेणे हे कुस्तीत निषिद्धच आहे. तुमच्या कबड्डीतही चढाई करणाऱ्याचे तोंड दाबणे, कैची घालणे आणि हातपाय वा धड सोडून दुसरीकडे मुद्दाम धरणे नियमाने चालत नाही. सामन्यात हे करणाऱ्याला पंच रोखतात. मग त्या सभागृहात पंच कोण होता, दादा? तो तुम्हीच होता. तुम्हाला दुखवण्यासाठी हे लिहीत नाही. अशीच एक रात्र माझ्याही तालमीत होऊन गेली आहे, आणि तेव्हा मीही उठलो नव्हतो.

उत्तर ३: गोमाईकाठ (शहादा)

मी एकवीस वर्षांचा आहे, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत कबड्डी खेळतो, आणि टॉवेल ओढणाऱ्या त्या दोन मुलांच्या बाजूने मला काही सांगायचे आहे. त्यांचा बचाव करण्यासाठी नव्हे, तर मीही तसाच एक होतो म्हणून.

नववीत असताना वसतिगृहात माझ्यासोबत हे झाले. अकरावीत मी ते दुसऱ्यांसोबत केले. या दोन गोष्टींच्या मध्ये कोणीही मला असे सांगितले नाही की हे चुकीचे आहे. उलट 'आता तू संघातला झालास' असेच सांगण्यात आले. ज्याला आम्ही छळायचो तोही हसायचा, आणि तो हसतो म्हणजे त्याला चालते असे आम्ही धरून चालायचो. नववीत मीही हसलो होतो. तेव्हा मला काय वाटत होते ते मला पक्के माहीत असूनही, दुसऱ्याच्या हसण्याचा अर्थ मी सोयीने वेगळा लावला, याची मला आज फार लाज वाटते.

वस्तादांचे म्हणणे आदराने ऐकले, पण त्यांच्या तालमीत वस्ताद रोज समोर असतात. आमच्या वसतिगृहात रात्री नऊनंतर कोणीच नसे. स्पर्धेच्या ठिकाणी वजन घेताना तर आम्हाला एका रांगेत, सर्वांसमोर, केवळ चड्डीवर उभे करत, आणि बारीक अंगाच्या मुलांवर तिथेच शेरे मारले जात. लाज सोडल्याशिवाय माणूस खेळाडू होत नाही, हे तिथूनच आमच्या डोक्यात शिरते. सर, तुम्ही निदान वजनकाटा पडद्याआड ठेवायला आयोजकांना सांगा. आणि त्या दोन मुलांना संघातून काढून प्रकरण मिटवू नका; त्यांच्याशी एकेकट्याने बोला, त्यांना हे कोणी शिकवले ते विचारा.

उत्तर ४: गिरणाकाठ (जळगाव)

मी वकिली करतो, म्हणून भावनेचा भाग वरच्या मंडळींवर सोपवून कायद्याबद्दल लिहितो. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा 2012 चा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी यांच्यात भेद करत नाही. 'मुलगाच तर आहे' हे वाक्य त्या कायद्यासमोर टिकत नाही. लैंगिक हेतूने केलेला शारीरिक संपर्क हा या कायद्याचा गाभा आहे. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्वचेला त्वचेचा थेट स्पर्श आवश्यक असल्याचा निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर 2021 मध्ये रद्द केला आणि हेतू महत्त्वाचा असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे कपड्यांवरून लागलेला हातही गुन्हा ठरू शकतो. त्याचप्रमाणे पकड शिकवताना लागलेला हात, त्यामागे तसा हेतू नसेल तर, गुन्हा ठरत नाही. वस्तादांनी ही भीती मनातून काढून टाकावी.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचे. याच कायद्याच्या कलम 19 नुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला माहीत आहे, किंवा तो घडेल अशी ज्याला भीती आहे, त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. तुम्ही वर्णन केलेला प्रकार या कायद्यात बसतो की नाही हे हेतूवर ठरेल, आणि तो हेतू ओळखण्याचे काम तुमचे, माझे किंवा ग्रामपंचायतीचे नाही. 1098 या चाइल्डलाइन क्रमांकावर बोला, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला भेटा, आणि त्या मुलाच्या आईवडिलांना सोबत घ्या. ती दोन मुलेही अठरा वर्षांखालील असतील तर त्यांचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. तेथील पद्धत नेहमीच्या फौजदारी न्यायालयापेक्षा वेगळी आहे. गावात बसवून, माफी मागायला लावून हे मिटवण्याचा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. तो मानू नका. कोणी मोबाइलवर चित्रीकरण केले असल्यास, मुलाचे तसे चित्रीकरण करणे, जवळ बाळगणे आणि पुढे पाठवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

मुलींसाठी आणखी एक. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात 'कामाची जागा' या व्याख्येत क्रीडा संस्था, क्रीडांगण, क्रीडा संकुल आणि स्पर्धेचे ठिकाण यांचा स्पष्ट उल्लेख आहे, हे फार थोड्या प्रशिक्षकांना माहीत असते. जून 2022 मध्ये एका महिला सायकलपटूने परदेशातील सराव शिबिरात प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केल्यानंतर, महिला खेळाडू असलेल्या पथकासोबत महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे, अशी सूचना भारतीय क्रीडा प्राधिकरणाने क्रीडा महासंघांना दिली. 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यातही सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे. हे सारे गावापर्यंत यायला वेळ लागेल, पण तुम्ही त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.

उत्तर ५: भुसावळ

मी भौतिकोपचार करते. वर मालीशचा उल्लेख आला, म्हणून थोडे लिहिते. चढाई करणाऱ्या खेळाडूंच्या मांडीच्या आतील स्नायूला वारंवार ताण बसतो, आणि त्या जागी उपचार करणे सर्वांत नाजूक असते. अमेरिकेतील जिम्नॅस्टिक संघाचे डॉक्टर लॅरी नासर यांनी उपचाराच्या नावाखाली मुलींचे शोषण केले, आणि ते वर्षानुवर्षे चालू राहिले. जानेवारी 2018 मध्ये त्यांना 40 ते 175 वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा दीडशेहून अधिक स्त्रिया न्यायालयात बोलल्या. काही प्रसंगी आई त्याच खोलीत बसलेली असे, आणि तरीही तिला काही कळले नाही, कारण उपचारात नेमके काय करायचे असते हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. म्हणून मी रुग्णाला आणि पालकाला आधी सांगते की हात कुठे ठेवणार, कशासाठी ठेवणार आणि किती वेळ. माझ्या मते संघात मालीश नकोच. मुलांना स्वतःच्या हाताने किंवा रोलरने स्नायू मोकळे करायला शिकवता येते आणि दुखापत असेल तर आमच्याकडे पाठवता येते.

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

वकीलसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे मुलाच्या वडिलांना आणि मामांना घेऊन बालकल्याण समितीकडे जाऊन आलो. तिथे काय ठरेल याविषयी मी येथे लिहिणार नाही, ते त्या मुलाचे आहे. गावात दोन-तीन जणांनी माझ्याशी बोलणे सोडले आहे. त्या दोन मुलांपैकी एकाचे वडील माझे बालपणीचे मित्र आहेत, आणि ते अजून आलेले नाहीत.

मैदानावर काही बदल केले. आता पकड शिकवण्यापूर्वी मी विचारतो. पहिल्या दिवशी मुले हसली, चौथ्या दिवशी एका मुलाने 'पाठ दुखते सर, आज नको' असे म्हटले, आणि मी पुढच्या मुलाकडे वळलो. गावातील एक माजी खेळाडू ताई मंगळवारी आणि शुक्रवारी मुलींना शिकवायला येतात. त्यांच्या हाताखाली मुलींची कंबर पकड पंधरा दिवसांत सुधारली, हे मान्य करताना मला आनंदच होतो. जिंकल्यावरची मिठी मी बंद केलेली नाही. हात पुढे करायचा आणि समोरचा आला तर मिठी मारायची, एवढेच मुलांनी आपसात ठरवले आहे. बाहेरगावी मी मुलांच्या खोलीच्या दारातच अंथरूण टाकणार आहे, आणि कपडे बदलण्यासाठी पडद्याची व्यवस्था असल्याशिवाय प्रवेशिका भरणार नाही.

त्या मुलाच्या घरी गेलो. ताई, तुम्ही सांगितले तेच बोललो. तो खाटेवर बसून खाली पाहत होता. बराच वेळ काही बोलला नाही, आणि मीही काही विचारले नाही. निघताना अंगणात आला आणि म्हणाला, 'सर, माले तठे झोपनं नही.' मी म्हटले, नको झोपू, खेळायचेही नसेल तर तेही नको. त्यावर त्याने डाव्या कोपऱ्यावर आता कोण उभे राहते, असे विचारले. मी नाव सांगितले. त्याचा पाय आधी पुढे पडतो, त्याला सांगा, एवढे बोलून तो आत गेला.